नाण्यावरची चूक टांकसाळीतली की बाहेरची? धातू कुठं गेला ते बघा

उद्यमनगरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

माझा भाचा नववीत आहे. भाऊबीज, वाढदिवस असं करत जमवलेले अडीच हजार रुपये देऊन त्यानं गेल्या महिन्यात एक 'एरर' नाणं विकत घेतलं आणि मला दाखवायला सायकल मारत कारखान्यावर आला. पिवळं ५ रुपयांचं नाणं. सिंहांच्या बाजूला आत दबलेला, आरशात दिसावा तसा उलटा २ चा आकडा. विकणाऱ्यानं त्याला सांगितलं होतं की टांकसाळीत दोन नाणी एकदम दाबली गेली, असं लाखात एक निघतं. पोराचा चेहरा इतका फुलला होता की दोन मिनिटं मला काही बोलवेना.

मी २७ वर्षं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात प्रेस टूलचं काम करतोय. वॉशर पाडायचे, ब्रॅकेट दाबायचे, डाय, म्हणजे दाब देणारा पोलादी साचा, फुटली की रात्र काढून दुसरी उभी करायची. नाणं म्हणजे तरी काय, पत्र्यातून पाडलेली चकती आणि दोन डायच्या मध्ये तिला दिलेला दाब. म्हणून ते नाणं मी प्रेसवाल्याच्या नजरेनं बघितलं आणि लगेच कळलं, हे टांकसाळीतून धडधाकट बाहेर पडलेलं नाणं कुणीतरी नंतर व्हाइसमध्ये, म्हणजे वस्तू दोन जबड्यांत धरायच्या शिकंज्यात, आवळलंय.

त्या पोराला जे समजावलं तेच इथं मांडतो. आपल्यातल्या कितीतरी जणांकडे असं एखादं नाणं 'एरर' म्हणून जपून ठेवलेलं असतं आणि विकणारे त्यावरच जगतात.

आधी नाणं कसं तयार होतं ते. धातूच्या पट्टीतून पंचनं गोल चकत्या पाडतात. त्या भट्टीत तापवून मऊ करतात, धुऊन स्वच्छ करतात. मग चकतीची कड दाबून थोडी उचलतात, म्हणजे पुढं काठ नीट उठतो. ही कोरी चकती प्रेसमध्ये कॉलर नावाच्या कड्यात बसते, वरची आणि खालची डाय एकाच दणक्यात दोन्ही बाजू उठवतात, आणि धातू बाहेर पळायला बघतो तेव्हा कॉलर त्याला अडवते. कडेचे दाते असतील तर तेही तिथंच उठतात. चूक व्हायची ती डाय बनवताना नाहीतर यातल्याच एखाद्या पायरीवर होते. चकती पाडताना, काठ उचलताना, नाहीतर दणका बसताना. त्यानंतर जे काही होतं ते नुकसान, मग ते हातोडीनं होऊदे, रस्त्यावर गाडीखाली होऊदे नाहीतर चोराच्या खिशात होऊदे.

आता भाच्याचं नाणं. आरशातल्यासारखा खोलगट ठसा टांकसाळीत खरोखर उमटू शकतो, त्याला ब्रॉकेज म्हणतात. ठोकलेलं नाणं बाहेर न पडता एका डायला चिकटून राहतं. पुढची कोरी चकती आली की तिच्या एका बाजूला समोरच्या डायचा नेहमीसारखा ठसा उठतो, आणि दुसऱ्या बाजूला डायच्या जागी ते चिकटलेलं नाणं असल्यामुळे त्याची उघडी बाजू आत दबलेली, उलटी उमटते. म्हणजे दोन्हीकडे एकच चित्र, एकीकडे उठावाचं आणि दुसरीकडे खोलगट उलटं. सिंहांना तिथं जागाच नसते, कारण सिंहांची डाय त्या चकतीला शिवलेलीच नाही. आणि ५ च्या डायसमोर २ चं नाणं अडकायचं काही कारण नाही.

भाच्याच्या नाण्यावर सिंह होते. चेपलेले, पण होते. उलटा २ त्यांच्या छातीवरून गेला होता. दुसऱ्या बाजूला भिंग लावलं तर ५ च्या आकड्याचा माथा सपाट झालेला आणि त्यावर बारीक चौकटी उमटलेल्या. कानसीच्या दात्यासारख्या त्या चौकटी आम्ही रोज बघतो, व्हाइसच्या जबड्यावर असतात तशा. स्टीलचं २ रुपयांचं नाणं कडक, पिवळं नाणं त्यापेक्षा मऊ. दोन्ही चिकटवून आवळली की मऊ नाणं दबतं. एवढाच खेळ.

म्हणून मी स्वतःला प्रत्येक नाण्यापुढं एकच प्रश्न घालतो. धातू कुठं गेला?

धातू गायब होत नाही. टांकसाळीत तो डायच्या खोलगट जागेत वाहतो. बाहेर ओरखडा पडला तर तो बाजूला सरकून ओरखड्याच्या काठावर बांध उभा राहतो, नांगरानं सरीच्या दोन्ही अंगाला माती टाकावी तसा. कानस चालवली तर धातू उडून जातो आणि वजन कमी होतं. दाबलं तर तो पसरतो, अक्षर बुटकं आणि रुंद होतं. हा प्रश्न विचारला की बरीच नाणी आपोआप बोलायला लागतात.

सगळ्यात जास्त फसगत होते ती रेघेवरून. डायला तडा गेला की तड्यात धातू शिरतो, म्हणून नाण्यावर ती रेघ वर उचललेली दिसते. ओरखडा आत गेलेला असतो. नखानं कळत नसेल तर भिंगाखाली नाणं धरून दिव्याची दिशा बदला, उंच रेघेची सावली ज्या अंगाला पडते त्याच्या उलट अंगाला ओरखड्याची पडते. डायला पॉलिश करताना पडलेल्या बारीक रेघाही नाण्यावर उंचच उठतात आणि त्या अक्षराखाली शिरल्यासारख्या थांबतात, कारण अक्षर डायमध्ये खोल असतं, पॉलिशचा कागद तिथं पोचत नाही. डायच्या कडेचा तुकडाच उडाला तर नाण्याच्या काठाला बिनचित्राचा उंचवटा येतो. मग पलीकडच्या बाजूला बरोबर त्याच जागी ठसा फिका दिसायला हवा, कारण तिथला धातू त्या पोकळीत गेला. पलीकडं सगळं खणखणीत असेल तर उंचवटा बहुतेक कुणीतरी चिकटवलेला असतो.

दुसरा प्रकार कापल्यासारखी कड. चकत्या पाडताना पट्टी पुरेशी पुढं सरकली नाही तर पंच आधीच्या भोकावर चढतो आणि चकतीला चंद्रकोरीसारखा खावा पडतो. आमच्याकडे फीड चुकला की अस्साच वॉशर पडतो, मी शेकड्यांनी बघितलेत. अशी चकती काठ उचलायच्या मशीनमध्ये गेली की खाव्याच्या बरोबर समोर दाब मिळत नाही, म्हणून समोरचा काठ फिका आणि बसका राहतो. संग्राहक याला ब्लेक्सली परिणाम म्हणतात. शिवाय खाव्याजवळची अक्षरं त्या बाजूला ओढल्यासारखी, निमुळती होतात. मोकळी जागा दिसली की धातू तिकडं धावतो. कानसीनं कोर काढली तर समोरचा काठ खणखणीत राहतो आणि अक्षर सुरीनं कापल्यासारखं मध्येच तुटतं.

भाच्याला ३ तास लागले हे पचवायला. पैसे परत मिळाले नाहीत. पण तेव्हापासून तो प्रत्येक नाण्याला विचारतोय, धातू कुठं गेला. तुमच्याकडची नाणी टाका इथं. फोटो तिरप्या उजेडात काढा, दोन्ही बाजू आणि कड, आणि वजन जरूर द्या.

नवखा_कागल

काका, फार छान समजावलंय. माझा प्रश्न बाळबोध वाटेल. माझ्याकडे ३ नाणी आहेत ज्यांच्यावर सालाखाली टांकसाळीची खूणच नाही. एका व्हिडिओत बघितलं की खूण नसलेली नाणी दुर्मिळ असतात. डायमध्ये घाण भरली की खूण येत नाही म्हणे.

पेठेतला

दादा, ती कोलकात्याची नाणी आहेत. कोलकाता टांकसाळ खूण घालत नाही. मुंबईचा हिरा, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका. नोएडाची टांकसाळ १९८८ पासून चालू झाली, त्याआधीच्या नाण्यावर तो ठिपका शोधू नका. बिनखुणेची नाणी आपल्या रोजच्या चिल्लरमध्ये भरपूर असतात, आनंदानं खर्च करा.

डायमध्ये ग्रीस आणि घाण भरून अक्षर गायब होतं हे मात्र खरं आहे. तसं झालं तर अक्षर हळूहळू विरत जातं, आणि त्या जागेचा पृष्ठभाग आजूबाजूसारखाच चमकतो. खरवडून काढलं असेल तर तिथं खोलगट जागा आणि रेघा दिसतात.

उद्यमनगरी

पेठेतल्यांना अनुमोदन. यात झिजेबद्दल थोडं घालतो, कारण 'ठसा फिका' आणि 'नाणं झिजलंय' यात लोक फार गोंधळतात. चलनात फिरलेलं नाणं सगळ्यात उंच जागी आधी झिजतं. मधल्या सिंहाचा गाल, आकड्याचा माथा. तिथली चमक गेलेली असते, जागा गुळगुळीत आणि मंद. दणका कमी बसला म्हणून फिकं राहिलेलं नाणंही नेमकं त्याच उंच जागी फिकं असतं, कारण धातू डायच्या तळापर्यंत पोचलाच नाही. पण तिथं कोऱ्या चकतीचा मूळ खरबरीतपणा शिल्लक दिसतो, आणि सपाट जागेवरची चमक दिव्याखाली नाणं फिरवलं की चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. चमक शाबूत आणि चित्र फिकं, तर टांकसाळ. चमक आणि चित्र दोन्ही गेलेलं, तर तुमचा-माझा खिसा.

गडहिंग्लजकर

सगळं मान्य, पण तुम्ही लोकांचा उत्साह मारताय असं वाटतं. माझ्याकडे 'डबल डाय'चं १ रुपयाचं नाणं आहे, १९९८ चं. सालाचे आकडे स्पष्ट दुहेरी दिसतात. मोबाईलच्या मॅक्रोमध्ये सुद्धा. हे तर कुणी घरी करू शकत नाही ना?

उद्यमनगरी

घरी केलेलं नाही, टांकसाळीतच झालंय, इथंवर तुमचं बरोबर. पण दुहेरीपण दोन तऱ्हेचं असतं. फोटो मोठा करून बघितला. तुमच्या ९ च्या शेजारची सावली पायरीसारखी आहे, सपाट आणि बसकी, आणि मूळ ९ तेवढाच बारीक झालाय. हे मशीनचं दुहेरीपण. दणका बसल्यावर डाय उचलताना किंचित हलली आणि ताज्या आकड्याची बाजू तिनं खरवडली. आमच्या पॉवर प्रेसला रॅमच्या गिब, म्हणजे वरखाली होणारा भाग सरळ ठेवणाऱ्या पट्ट्या, सैल झाल्या की अशीच पायरी पडते, गिब आवळल्या की बंद होते. ज्या नाण्याच्या वेळी डाय हलली तेवढ्यालाच ती असते.

खरी डबल डाय म्हणजे डाय तयार करतानाच तिच्यावर चित्र दोनदा, थोडं सरकून उमटलेलं. त्यात दोन्ही आकडे गोलाकार, पूर्ण उंचीचे असतात, टोकाशी खाच पडून दुभंगलेले दिसतात, आणि आकडा मूळपेक्षा जाड होतो. त्या डायखालून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर ते तसंच्या तसं असतं. म्हणून दुसरं तस्संच नाणं सापडलं तर किंमत कमी होईल ही भीती चुकीची आहे. दुसरं सापडणं हाच पुरावा.

उत्साह मारायचा नाही हो मला. भाच्याचा मारला गेला तो अडीच हजारानं, माझ्या भिंगानं नाही.

हुपरीची_सून

नमस्कार दादा. आमच्या घरात तीन पिढ्या चांदीचं काम आहे, म्हणून जुन्या चांदीच्या रुपयांबद्दल लिहिते. लोक राणीछाप, राजाछाप घेऊन येतात आणि म्हणतात वरच्या बाजूला काठाशी उंचवटा आहे, टांकसाळीची चूक आहे का? शंभरातल्या नव्वद वेळा ती झाळलेली कडी असते. पूर्वी रुपयांच्या माळा करायचे, लहान मुलांच्या गळ्यात एकटा रुपयाही घालायचे. कडी काढून टाकली तरी डाग दिलेल्या जागी रंग वेगळा राहतो, जरा पिवळट, राखाडी. बोटानं काठ चाचपला की तिथले दाते बुजलेले लागतात. बहुतेक वेळा ही जागा राजाच्या डोक्याच्या बरोबर वर असते, कारण गळ्यात घातल्यावर चेहरा सरळ दिसायला हवा. टांकसाळीच्या चुकीला चेहरा सरळ दिसण्याशी काय देणंघेणं?

दुसरी गोष्ट तेजाबाची. तेजाबातनं काढलेला रुपया सगळीकडून सारखा पातळ होतो. अक्षरं वाचता येतात पण हडकुळी होतात. विकणारा सांगतो पातळ पत्र्यावर ठोकलाय. वजन करा. जुना रुपया ११.६६ ग्रॅमचा. वजन खूप कमी आणि पृष्ठभाग सायीसारखा मऊ, बिनचमकीचा दिसला तर समजा. आणि सराफांनी चांदी तपासायला मारलेले छोटे ठप्पे असतात, तेही नंतरचेच. पण ते खरवडू नका. कुठल्यातरी पेढीवर तो रुपया परखला गेला होता ही त्याची स्वतःची गोष्ट आहे.

माझी कळकळीची विनंती, चिंच, लिंबू, भांड्याची पावडर यानं नाणी घासू नका. दर आठवड्याला एखादं तरी सुंदर नाणं असं नागडं होऊन आमच्याकडे येतं. बघवत नाही.

उद्यमनगरी

ताई, गळ्यात चेहरा सरळ दिसायला हवा, हे मला कधीच सुचलं नसतं. मनापासून आभार.

पन्हाळ्याचा_वाटाड्या

चर्चा उत्तम चालली आहे, पण एक सावधगिरी सांगतो. हे सगळे नियम यंत्रावरच्या नाण्यांचे आहेत. कालच एकानं मला शिवराई दाखवली आणि विचारलं, नाव अर्धंच आलंय, ठसा सरकलाय, एरर आहे का. शिवराई हातानं ठोकलेली. खाली एक ठसा, मध्ये तांब्याचा तुकडा, वर दुसरा ठसा, आणि घणाचा घाव. कॉलर नावाची गोष्टच नाही. बऱ्याचदा ठसा तुकड्यापेक्षा मोठा असायचा, त्यामुळे एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' यातलं काही ना काही कडेबाहेर जायचंच. पूर्ण अक्षरं आलेली शिवराई मिळणं हीच मोठी गोष्ट. सरकलेला ठसा तिथं नेहमीचा.

आणि आपल्या कोल्हापूरचंच उदाहरण देतो. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १८७७ मध्ये शिशाच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. विळिवायकुर, सिवलकुर अशी राजांची नावं असलेली, धनुष्यबाण आणि टेकडी-झाड अशी चिन्हं असलेली ती नाणी. त्यातल्या काहींवर एका राजाच्या ठशावर दुसऱ्या राजाचा ठसा मारलेला आहे. आजचा माणूस बघेल आणि म्हणेल खराब झालंय, गिचमिड आहे. पण पुराविद भगवानलाल इंद्रजींनी ती गिचमिड वाचली. ज्याचा ठसा खाली तो आधीचा राजा, ज्याचा वर तो नंतरचा. राजांचा क्रम त्यांनी नाण्याच्या पोटातून काढला. त्यामुळे जुन्या नाण्यावर दुहेरी काही दिसलं तर घाईनं टाकून देऊ नका, नीट फोटो काढा.

उद्यमनगरी

हे वाचून अंगावर काटा आला. ठसा कुठला वर आणि कुठला खाली हे बघायची नजर आमच्या कामातही लागते, पण त्यातून राजे ओळखायचे म्हणजे कमाल आहे. मी लिहिलेलं सगळं फक्त यंत्राच्या नाण्यांसाठी आहे, हे वर स्पष्ट लिहायला हवं होतं.

पेठेतला

धागाकर्त्यांच्या एका मुद्द्यात दुरुस्ती. खाव्यासमोरचा काठ फिका हवा असं म्हणालात. खावा लहान असेल तर तो परिणाम दिसतच नाही असं होतं. माझ्याकडे १ रुपयाचं नाणं आहे, खावा ज्वारीच्या दाण्याएवढा, समोरचा काठ व्यवस्थित. पण खाव्याकडची अक्षरं ओढलेली आहेत आणि कापलेली भिंत अर्धी गुळगुळीत, अर्धी खडबडीत.

उद्यमनगरी

मान्य, दुरुस्ती बरोबर आहे. समोरचा काठ फिका असेल तर बाजू भक्कम होते, नसेल म्हणून नाणं लगेच खोटं ठरत नाही. आणि तुम्ही भिंतीचं जे लिहिलंत ते प्रेसवाल्याला शंभर नंबरी वाटतं. पंचनं पत्रा कापला की वरचा भाग घासून गुळगुळीत निघतो आणि खालचा तुटतो, म्हणून खडबडीत. करवतीच्या किंवा कानसीच्या कडेला आरपार समांतर रेघा असतात.

नवखा_कागल

आता दुसरं. १० रुपयांचं नाणं मिळालंय, मधली रुपेरी चकती एका बाजूला थोडी वर आलीय आणि फिरलेलीही वाटते. आणि अजून एक, १० च्या काही नाण्यांवर रुपयाचं चिन्ह नाही, ती खोटी का? दुकानदार घेत नाही.

उद्यमनगरी

चिन्ह नसलेली खोटी नाहीत. ते चिन्ह २०१० ला ठरलं, नाण्यांवर २०११ पासून आलं. त्याआधीची बिनचिन्हाची १० ची नाणी चालतात. रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्ये जाहीर केलंय की १० च्या सगळ्या १४ प्रकारची नाणी वैध आहेत. दुकानदाराला शांतपणे सांगा.

चकतीबद्दल. कडी आणि चकती वेगळ्या येतात, पण एकाच दणक्यात एकमेकींत अडकतात आणि त्याच दणक्यात चित्रही उठतं. म्हणून टांकसाळीतच चकती तिरकी बसली असेल तर चित्र त्या तिरक्या जोडावरूनच उठलेलं असणार. तुमच्या नाण्यात मधले सिंह आणि कडेची 'भारत' ही अक्षरं एका रेषेत नाहीत, म्हणजे चित्र उठल्यावर चकती फिरली. कुणीतरी ठोकून काढली आणि परत बसवली. चकतीच्या काठाला पंचाचा गोल डाग दिसतोय तो त्याचाच. असं नाणं स्वतः कापून, ठोकून बघायच्या भानगडीत पडू नका. २०११ च्या नाणे कायद्यानं नाणं वितळवायला, नष्ट करायला मनाई आहे. त्या कायद्यात 'विरूप करणे' याची व्याख्याही फार नेमकी आहे: कापणं, कानस चालवणं, ठप्पा मारणं, किंवा नेहमीच्या झिजेपेक्षा सहज वेगळा ओळखू येईल असा बदल. आपण इथं महिनाभर ज्यावर बोलतोय तो फरक कायद्यानं एका ओळीत सांगितलाय.

गडहिंग्लजकर

एक कबूल करतो. ते १ रुपयाचं नाणं मी एका विकणाऱ्याकडून ४०० ला घेतलं होतं, डबल डाय म्हणून. काल घरच्या डब्यातली नाणी काढली. त्यात १ च्या आणखी दोन नाण्यांवर तशीच बसकी पायरी आहे, पण वेगळ्या दिशेला. म्हणजे काका म्हणतात तसंच, दर वेळी वेगळं हललंय. आता ते तिन्ही एका कागदावर चिकटवून खाली लिहून ठेवलंय 'मशीन'.

आणि नवख्यांनो, वैष्णोदेवीच्या ५ आणि १० च्या नाण्यांना लाखो देतो म्हणून फोन येतात, त्याला भुलू नका. ती २०१२ ची स्मारक नाणी आहेत, त्यात चूक काही नाही. आधी 'नोंदणी फी', मग 'कर' म्हणून पैसे उकळतात. रिझर्व्ह बँकेनं २०२१ च्या ऑगस्टमध्ये याबद्दल सावध केलं होतं, बँकेच्या नावानं कुणी कमिशन मागितलं तर देऊ नका म्हणून.

पेठेतला

लहानपणी आम्ही रुकडीजवळ रुळावर नाणी ठेवायचो, चपटी करायला. तेव्हा मजा वाटायची, आता कळतं किती धोक्याचं होतं ते, कुणी करू नका. पण ती चपटी नाणी 'ब्रॉडस्ट्राइक' म्हणून विकलेली बघितलीत. कॉलरशिवाय ठोकलेलं नाणं मोठं होतं, कडेला दाते नसतात, पण मधलं चित्र टोकदार असतं. चाकाखालच्या नाण्यात चित्रच पसरट, अक्षरं भाकरीसारखी थापलेली.

राजारामपुरी_किराणा

नमस्कार. मी दुकानात बसते, रोज संध्याकाळी नाणी मोजते. हा धागा वाचल्यापासून मोजताना ५ ची पिवळी नाणी उजेडात तिरकी करून बघायची सवय लागलीय. आज एक सापडलं. २०१३ चं, सालाखाली हिरा. ५ च्या आकड्याच्या वरच्या आडव्या दांडीच्या टोकापासून एक बारीक रेघ निघते आणि काठाकडं जाते, पण काठाला पोचत नाही, अर्ध्यात विरते. नख फिरवलं तर अडतं, वर उचललेली आहे. नातीच्या भिंगातून काढलेला फोटो जोडलाय. वजन समोरच्या सराफाच्या काट्यावर केलं, ५.९८ ग्रॅम. हे काही आहे का?

उद्यमनगरी

वहिनी, आहे. ५ चं हे नाणं ६ ग्रॅमचं असतं, वजन जागेवर. रेघ उंच, दोन्ही अंगाला बांध नाही, आकड्याच्या कोपऱ्यातून निघालेली. डाय बहुतेकदा कोपऱ्यातून तडकते, ताण तिथं साठतो. आम्ही डाय करताना कोपऱ्याला थोडी गोलाई ठेवतो ती याचसाठी. माझ्या मते डायचा तडा, शंका नाही.

आणि आता ऐका. तुमचा फोटो भाच्याला दाखवला. तो काहीच बोलला नाही, घरी गेला आणि तासाभरानं परत आला. गेल्या आठवड्यात त्याला बसच्या सुट्ट्या पैशात ५ चं नाणं मिळालेलं, २०१३, हिरा. त्याच दांडीच्या टोकापासून तीच रेघ. फक्त त्याच्या नाण्यावर ती थेट काठापर्यंत गेलीय आणि काठाशी टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा आलाय. पलटून बघितलं तर त्या जागी पलीकडचा काठ जरा बसलेला.

पन्हाळ्याचा_वाटाड्या

म्हणजे एकाच डायची दोन नाणी! वहिनींचं आधी ठोकलेलं, पोराचं नंतर, तडा वाढल्यावर. रेघेला मध्ये कुठं वाक आहे का? दोन्हीत सारखा असेल तर प्रश्नच मिटला.

उद्यमनगरी

फुलाच्या पाकळीजवळ एक वाक आहे, उजवीकडं. वहिनींच्या फोटोत मला तो आहे असं वाटतंय, पण फोटोत उजेड कमी आहे.

राजारामपुरी_किराणा

आहे. आत्ता परत बघितलं, पाकळी संपते तिथंच वळते. रविवारी दुकान दुपारनंतर बंद असतं. टाऊन हॉलच्या बागेत ४ वाजता येते नाणं घेऊन. तुमच्या भाच्याला सांगा त्याचंही आणायला, आणि तुमचं ते चांगलं भिंग.

हुपरीची_सून

मीही येते. ०.०१ ग्रॅमचा काटा माझ्याकडे आहे.